काळ्या कवचाखालची नगरी

घरांतील एखादें बिघडलेलें यंत्र, मग तो रेडिओ असो, मुलांचें खेळणें असो कीं अडगळींत पडलेला जुना संगणक असो, उघडून पाहिलें तर आंतील हिरव्या पाटीवर गोमेसारखे अनेक पाय असलेल्या काळ्या वड्या बसविलेल्या आढळतात. या वड्यांना चिप म्हणतात, हें आतां शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु त्या काळ्या वडीला चिप म्हणणें हें नारळाच्या सोडणाला खोबरें म्हणण्यासारखें आहे. खरी चिप त्या वडीच्या पोटांत असते. ती म्हणजे सिलिकॉन या मूलद्रव्याची, बहुधा करंगळीच्या नखाहूनहि लहान अशी चकचकीत कपची. आणि यंत्राची सारी करामत त्या कपचीवर कोरलेली असते. बहुतेक माणसें आयुष्यभर चिपा वापरतात, पण त्यांपैकीं एकहि डोळ्यांनीं पाहत नाहींत. जगांतील कांहीं थोड्या हौशी मंडळींना मात्र एवढ्यावर समाधान वाटत नाहीं. हे लोक तें कवच काढून आंतील कपची उघडी करतात, तिचीं छायाचित्रें घेतात आणि तिच्यावरील रेघा वाचूं पाहतात. हा छंद कसा चालतो, आणि वस्तु फोडून त्यांतून निष्पन्न तरी काय होतें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम हें कवच असतें कशासाठीं? कपचीच्या कडेनें धातूचे बारीक चौकोनी ठिपके असतात. त्या ठिपक्यांपासून वडीच्या पायांच्या मुळापर्यंत सोन्याच्या तारा ओढलेल्या असतात. अशा तारेची जाडी सामान्यतः २५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग असते; माणसाचा केस बहुधा तिच्याहून जाडच भरेल. इतकी नाजूक रचना उघडी राहिली तर बोटाच्या नुसत्या स्पर्शानें मोडेल आणि हवेंतील दमटपणानें गंजेल. म्हणून एपॉक्सी नांवाच्या कृत्रिम राळेंत वाळूसारख्या सिलिकेची बारीक पूड कालवून तो लगदा तिच्याभोंवतीं सांच्यांत भरतात आणि घट्ट होऊं देतात. त्यांत काजळीहि मिसळलेली असते, म्हणून वडी काळी दिसते. या काळेपणालाहि अर्थ आहे. सिलिकॉनवर प्रकाश पडला कीं त्यांत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो. सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या पाट्या याच तत्त्वावर चालतात. २०१५ सालीं 'रास्पबेरी पाय २' नांवाचा छोटा संगणक बाजारांत आला, तेव्हां त्याचें छायाचित्र घेण्यासाठीं झेनॉन दिव्याचा लखलखाट केला कीं तो बंद पडे. त्यावरील एका चिपेला नेहमींचें काळें पांघरूण नव्हतें, एवढेंच त्याचें कारण निघालें!

मग इतक्या काळजीनें घातलेलें हें पांघरूण कोणी काढावें कशाला? कारखान्यांच्या प्रयोगशाळांत हें काम पूर्वींपासून चालत आलें आहे. एखादी चिप नादुरुस्त ठरली म्हणजे दोष नेमका कोठें आहे तें पाहण्यासाठीं ती उघडावी लागते. हौशी लोकांचें कारण मात्र निराळें आहे, आणि तें समजण्यासाठीं एका विशिष्ट चिपेची हकीकत सांगितली पाहिजे.

१९७५ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया संस्थानांत मॉस टेक्नॉलॉजी नांवाच्या कंपनीनें '६५०२' या क्रमांकाची चिप तयार केली. चक पेडल, बिल मेन्श आणि त्यांचे सहकारी हे तिचे कर्ते. त्या वर्षाच्या सप्टेंबर महिन्यांत सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या प्रदर्शनाच्या वेळीं ती २५ डॉलरला विकली गेली. त्या काळीं तिच्या तोडीच्या दुसऱ्या चिपांना याच्या कित्येक पट किंमत मोजावी लागे. या स्वस्ताईमुळें संगणक हा मोठ्या कचेऱ्यांची मिरास न राहतां सामान्य घरांत येऊं शकला. अॅपल कंपनीचे पहिले दोन संगणक, कमोडोरचा 'पेट', इंग्लंडमधील शाळांतून गेलेला 'बीबीसी मायक्रो' हे सर्व याच चिपेवर चालत. तिचीच एक धाकटी बहीण अटारीच्या खेळांच्या यंत्रांत होती.

आतां यांतील खेदाची गोष्ट पाहा. या चिपेचा आराखडा संगणकाच्या साह्यानें नव्हे, तर हातानें, मोठमोठ्या पारदर्शक पत्र्यांवर रेघा ओढून काढलेला होता. १९७६ सालीं मॉस टेक्नॉलॉजी कंपनी कमोडोरनें विकत घेतली, आणि १९९४ सालीं खुद्द कमोडोरचेंच दिवाळें निघालें. चिपा लक्षावधि ठिकाणीं शिल्लक होत्या. त्यांच्या आंत काय लिहिलें आहे हें सांगणारा संपूर्ण नकाशा मात्र लोकांच्या हातीं नव्हता. एखाद्या घराण्यांत ताम्रपट पिढ्यान् पिढ्या पेटींत जपलेला असावा, पण त्यावरची लिपि वाचणारा कोणी उरूं नये, तशांतलाच हा प्रकार झाला. फरक एवढाच कीं, येथें ताम्रपट वाचावयाचा तर पेटी फोडावी लागणार होती. २००९ सालीं ग्रेग जेम्स, ब्रायन सिल्व्हरमन आणि बॅरी सिल्व्हरमन यांनीं हें काम अंगावर घेतलें. त्यांच्या यशाकडे वळण्यापूर्वीं पेटी फोडतात कशी, तें पाहणें इष्ट होईल.

कवचाच्या प्रकारावर कृति अवलंबून असते. सर्वांत सोपा प्रकार म्हणजे ज्यांना मुळांतच खिडकी असते अशा चिपा. अतिनील किरणांनीं आंतील मजकूर पुसतां यावा म्हणून कांहीं जुन्या स्मृतिचिपांवर क्वार्ट्झची पारदर्शक चकती बसविलेली असे. या खिडकींतून आंतील कपची नुसत्या भिंगानेंहि दिसते. नवशिक्यानें येथूनच आरंभ करावा. त्यानंतरचा प्रकार धातूच्या टोपीचा. तिची कड बारीक करवतीनें कापली कीं टोपी निघून येते. चिनी मातीच्या कांहीं वड्यांवर धातूचें झांकण डांकलेलें असतें. तें धारदार पात्यानें उचकटतां येतें. पुष्कळ अनुभवी हौशी लोकहि शक्य तोंवर असेच नमुने शोधतात, कारण त्यांत आम्लाला हात लावावा लागत नाहीं.

खरी अडचण काळ्या एपॉक्सीची. ती तापवून वितळत नाहीं आणि साध्या द्रावकांत विरघळत नाहीं. तिच्यावर दोन आम्लें चालतात: एक धूमायमान नत्राम्ल आणि दुसरें तापविलेलें तीव्र गंधकाम्ल. या आम्लांपुढें एपॉक्सीचा भुगा होतो. परंतु सिलिकॉन, त्यावरील कांचेसारखा थर आणि सोन्याच्या तारा यांना तीं फारसा धक्का लावीत नाहींत. निसर्गाच्या या पक्षपातावरच सगळी कला उभी आहे. एक चमत्कारिक गोष्ट अशी कीं, येथें सर्वांत निरुपद्रवी वाटणारें पाणीच घात करतें. कपचीवरील वाहक रेघा अॅल्युमिनियमच्या असतात. तीव्र नत्राम्लांत त्यांच्यावर संरक्षक थर बनून त्या टिकतात. पण त्यांत पाणी मिसळलें कीं तेंच आम्ल त्यांना खाऊं लागतें. म्हणून नत्राम्लांतून काढलेली कपची आधीं अॅसिटोननें धुतात. दुसरी एक जुनी रीत म्हणजे साध्या झाडाच्या राळेंत चिप उकळणें. तीनशें अंश सेंटिग्रेडच्या वर तापलेली राळ एपॉक्सीला हळूहळू पोखरते. त्यांत आम्ल नाहीं, पण धूर, दर्प आणि आगीचें भय भरपूर आहे.

आणि येथेंच एक इशारा स्पष्ट शब्दांत दिला पाहिजे. हा स्वयंपाकघरांतील किंवा गच्चीवरील उद्योग नव्हे. धूमायमान नत्राम्लांतून निघणारा तांबूस वायु हुंगला गेला तर त्या वेळीं मनुष्याला थोडा खोकला येऊन तो बरा वाटतो. कांहीं तासांनीं मात्र त्याच्या फुप्फुसांत पाणी भरूं लागतें. नत्राम्ल आणि अॅसिटोन हीं एकत्र सांडलीं तर भडका उडूं शकतो. कपचीवरील कांचेचा थर काढण्यासाठीं वापरलें जाणारें हायड्रोफ्लुओरिक आम्ल तर याहून कपटी आहे. तें कातडींतून आंत शिरतें, रक्तांतील कॅल्शियम हिरावून घेतें, आणि वेदना सुरू होण्यापूर्वींच इजा खोल गेलेली असते. हातमोजे, चष्मा, वायु ओढून नेणारें कपाट आणि जाणत्या रसायनज्ञाची देखरेख असल्यावांचून या वाटेला कोणीं जाऊं नये. धातूच्या टोपीच्या आणि खिडकीच्या चिपांत एका मनुष्याचें आयुष्य पुरेल इतकें पाहण्यासारखें आहे.

कपची मोकळी झाली म्हणजे पाहण्याचें काम सुरू होतें. शाळेंतील सूक्ष्मदर्शकांत प्रकाश खालून येतो. पण सिलिकॉन अपारदर्शक असल्यामुळें त्याचा येथें उपयोग नाहीं. धातूंचे नमुने तपासण्यासाठीं जो सूक्ष्मदर्शक असतो, ज्यांत प्रकाश भिंगांतूनच खालीं उतरून वस्तूवरून परत डोळ्यांकडे येतो, तोच लागतो. त्यांत प्रथमच डोकावणाऱ्याला वाटतें कीं आपण रात्रींच्या विमानांतून एखादी आंखीव नगरी पाहत आहों. गुलाबी, हिरवे, जांभळे असे पट्टे. त्यांवरून काटकोनांत वळणारे चंदेरी रस्ते. एका बाजूला सारख्या घरांच्या चाळी, तर दुसरीकडे जुन्या पेठेसारखी दाटी. हे रंग कोणीं भरलेले नसतात. पावसाळ्यांत रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर जसे रंग खेळतात, तसे कांचेच्या अतिसूक्ष्म थरांच्या कमीअधिक जाडीमुळें प्रकाशाच्या लहरी एकमेकींत मिसळून हे रंग उमटतात. रंग बदलला म्हणजे थर बदलला, हें वाचकानें ओळखावयाचें. एका वेळीं या नगरींतील एक गल्लीच दिसते. म्हणून कपची किंचित् किंचित् सरकवून पुष्कळ छायाचित्रें घेतात आणि संगणकाच्या साह्यानें तीं जोडून संपूर्ण नकाशा तयार करतात.

६५०२ चिपेची कपची बाजूला सुमारें चार मिलिमीटर भरते. जेम्स आणि दोघे सिल्व्हरमन यांनीं प्रथम तिच्या पृष्ठभागाचीं छायाचित्रें घेतलीं. मग वरील धातूच्या रेघा काढून टाकून खालच्या थराचीं घेतलीं. या दुसऱ्या पायरीबरोबर ती चिप कायमची गेली, हें त्यांना ठाऊक होतें. त्यानंतर त्यांनीं एकेका थरांतील एकेक आकृति संगणकावर गिरवून काढली. सिलिकॉनमधील पट्टीवरून दुसऱ्या एका विशिष्ट थराची पट्टी जेथें आडवी जाते, तेथें एक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेनेंच उघडझांप होणारें दार तयार होतें. केवळ भार म्हणून बसविलेले सोडून अशीं ३५१० दारें त्यांना सांपडलीं. कोणतें दार कोणत्या दाराशीं जोडलेलें आहे ही जंत्री पुरी होतांच त्यांनीं ती संगणकाला शिकविली. आणि आश्चर्य असें कीं त्या कागदी चिपेनें मूळ चिपेसारखीं गणितें करून दाखविलीं, जुने खेळहि चालविले. २०१० सालीं हें काम जगापुढें आलें. पुढें २०११ सालीं पुराणवस्तुसंशोधनाला वाहिलेल्या एका अमेरिकन मासिकानें त्यावर लेख छापला. उत्खनन करणाऱ्यांनीं यांना आपल्या पंक्तींत घ्यावें, हें योग्यच झालें.

या वाचनांतून जुनीं कोडीं उलगडलीं. ६५०२ चिपेला एका वेळीं एक अशा आज्ञा अंकांच्या रूपानें दिल्या जातात. एकंदर २५६ अंक संभवतात. त्यांपैकीं १५१ अंकांचा अर्थ कंपनीच्या पुस्तकांत दिलेला होता. उरलेले १०५ अंक चिपेला दिले तर कांहीं वेळां ती भलतेंच पण नेमानें तेंच करी. उदाहरणार्थ, एकच संख्या एकदम दोन कप्प्यांत भरी. हौशी लोकांनीं या गुप्त आज्ञांच्या याद्या केल्या होत्या. पण कारण निश्चित दिसत नव्हतें. तें नकाशावर दिसलें. कपचीच्या वरच्या अंगाला १३० रेघांची एक जाळी आहे. आलेला अंक आपल्यासाठीं आहे कीं नाहीं हें प्रत्येक रेघ ठरविते. परंतु जागा वांचविण्यासाठीं ती अंकाचा कांहीं भागच तपासते. पुस्तकांतील अंकांपुरती ही काटकसर पुरेशी होती. पुस्तकाबाहेरचा अंक आला म्हणजे दोन रेघांना तो आपलाच वाटे आणि दोघीहि कामाला लागत! त्या गुप्त आज्ञा कोणीं मुद्दाम ठेवल्या नव्हत्या. त्या काटकसरीच्या सांवल्या होत्या.

कधीं कधीं अशा वाचनानें खुद्द कारखान्याच्या सांगण्यांतहि भर पडते. १९९४ सालीं अमेरिकेंतील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना आढळलें कीं, इंटेल कंपनीची पेंटियम ही नवी चिप कांहीं विशिष्ट भागाकार किंचित् चुकवीत आहे. प्रकरण इतकें वाढलें कीं कंपनीला चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि त्यासाठीं ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. भागाकारासाठीं चिपेंत एक कोष्टक असतें. त्यांतील पांच नोंदी गळल्या, असा खुलासा तेव्हां झाला होता. तीस वर्षांनीं, २०२४ च्या डिसेंबरांत, केन शिरिफ या अमेरिकन अभ्यासकानें त्या जुन्या चिपेची कपची सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून तें कोष्टक घर घर मोजलें. गळलेल्या नोंदी पांच नसून सोळा निघाल्या. त्यांपैकीं अकरा गळूनहि उत्तर चुकत नव्हतें, म्हणून त्यांचा पत्ता लागला नव्हता. कागद हरवतात, माणसें विसरतात. पण सिलिकॉनवर जें उमटलें तें जसेंच्या तसें राहतें.

या नगरींत कांहीं वेळां शिलालेखहि सांपडतात. फ्लॉरिडा येथील विद्यापीठांत सूक्ष्मदर्शकाचें काम करणारे मायकेल डेव्हिडसन यांना एका चिपेवर मुलांच्या चित्रपुस्तकांतील 'वाल्डो' या पात्राचें चित्र दिसलें. मग त्यांनीं शोध घेतला तेव्हां प्राण्यांचीं, वाहनांचीं अशीं किती तरी चित्रें निघालीं. चिप आंखणाऱ्या कारागिरांनीं तीं गुपचूप कोरून ठेवलेलीं होतीं. याहून गमतीची गोष्ट डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या 'सीव्हॅक्स' चिपेची. शीतयुद्धाच्या काळांत या कंपनीच्या यंत्रांच्या नकला सोव्हिएट गोटांत होत असत. तेव्हां तिच्या कारागिरांनीं कपचीच्या कोपऱ्यांत मोडक्यातोडक्या रशियन भाषेंत, चोरावयाचेंच तर सर्वोत्तम तेंच चोरावें, अशा आशयाचा टोमणा कोरून ठेवला. कवच फोडून नक्कल करूं पाहणाऱ्यालाच तो वाचतां यावा, अशी ही योजना!

चोरीचा उल्लेख निघाला म्हणून कायद्याविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. चिपेच्या आराखड्याची नक्कल करून ती विकण्यास बंदी आहे. परंतु अभ्यासासाठीं आराखडा पाहण्यास अमेरिकेच्या १९८४ च्या कायद्यानें मोकळीक दिली आहे, आणि भारतांत २००० सालीं झालेल्या याच विषयावरील कायद्यानेंहि विश्लेषण, संशोधन व अध्यापन यांसाठीं तशी सवलत ठेवली आहे.

तथापि कायद्याहून कठीण असा एक प्रश्न उरतोच. पाहण्यासाठीं वस्तु नष्ट करावी काय? एखादी चिप जगांत लाखोंनीं असेल तर प्रश्न सोपा आहे. एक खर्ची पडली तरी बाकीच्यांचा अर्थ कळतो. पण ज्या खेळांच्या यंत्रांतील चिपेचे थोडेच नमुने उरले आहेत, तेथें हात थबकतो. न उघडावी तर तिच्यांतील मजकूर तिच्याबरोबर केव्हां तरी जाणार. उघडावी आणि कपची तडकली तर तो आजच गेला. म्हणून या छंदांतील जबाबदार लोकांनीं कांहीं रीति पाळल्या आहेत. सरावासाठीं कवडीमोल चिप घ्यावी. दुर्मिळ चिपेंत शक्य तर आधींच मेलेला नमुना निवडावा, कारण वीज न खेळणाऱ्या कपचीवरील रेघाहि तितक्याच स्पष्ट वाचतां येतात. प्रत्येक पायरीला छायाचित्र घ्यावें. आणि जें दिसलें तें सर्वांस मोकळेपणीं द्यावें. या शेवटच्या अटीवांचून ती केवळ मोडतोड होय.

दृष्टीची मर्यादाहि लक्षांत ठेवली पाहिजे. कारखान्यांतच आकृतीच्या रूपानें कोरलेला मजकूर डोळ्यांना दिसतो. परंतु विद्युत्भाराच्या रूपानें सांठविलेला मजकूर कपची कितीहि न्याहाळली तरी दिसत नाहीं. शिवाय अलीकडच्या चिपांतील अवयव प्रकाशाच्या लहरीहूनहि लहान असतात, आणि त्यांची संख्या अब्जांत असते; तेथें साधा सूक्ष्मदर्शक आंधळा ठरतो. पेंटियमचेंच पाहा; तिच्यांतील एकतीस लाख ट्रान्झिस्टरांपैकीं एखादा कोपरा वाचणें हेंच एका माणसाला मोठें काम होतें. ६५०२ सारख्या चिपा मात्र माणसानें हातानें आंखल्या होत्या, म्हणून माणसाला त्या डोळ्यांनीं पुऱ्या वाचतां आल्या. एरिक श्लेप्फर या अमेरिकन अभियंत्यानें २०१६ सालीं ६५०२ ची रचना सुट्या ट्रान्झिस्टरांतून पुन्हां उभी केली, तेव्हां ती नखाएवढी कपची बारा इंच बाय पंधरा इंचांची पाटी झाली. मूळ चिपेच्या मानानें तिची गति फारच मंद आहे, पण तिच्यावरील लहान दिवे लुकलुकतांना पाहून आंत काय घडत आहे तें मुलांनाहि दिसतें.

काळी वडी मुकाट्यानें काम करते, आणि बंद पडली कीं केरांत जाते. तिच्या आंत कोणाच्या तरी हातच्या रेघा आहेत, त्यांत त्या हाताची काटकसर आहे, चूक आहे, थट्टा आहे. ज्यानें त्या ओढल्या तो विसरेल, त्याची कंपनी मोडेल, आणि वाचणारा कोणी न निघाला तर त्या रेघा तशाच अंधारांत राहतील. एक वडी नीट पाहून, नीट टिपून उघडली गेली, तर तिच्यासारख्या उरलेल्या सगळ्या वड्या बोलक्या होतात.